आईच्या हंड्यावरचं नाव

आमच्या निमगाव सावात नवं भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात, आणि ते नाव पुरुषाचंच. मला हे लहानपणापासून खुपतं. आईनं कांदे काढायच्या मजुरीतून तांब्याचा हंडा घेतला, तेव्हा दुकानदारानं विचारलं ते एवढंच, "मालकांचं नाव सांगा." वडील त्या दिवशी बाजारात आलेसुद्धा नव्हते.

यंदा मी जुन्नरहून कोरीव कामाचं छोटं मशीन आणलं, पेनासारखं हातात धरायचं. विकणारा म्हणाला, "ताई, मिस्त्रीला पाठवायचं व्हतं. तुमाला न्हाई जमायचं."

"तुमी बिल करा," मी म्हणाले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. जोरात दाबलं तशी मशीनची टोकदार बिट सटकली आणि जुन्या परातीवर हा एवढा ओरखडा. धाकटा भाऊ हसला, "लई शहाणी! भांडी घास, कोरू नको." माझं डोकं फिरलं. डोळ्यांवर चष्मा चढवून मी परत बसले, रोज बसले. दाबायचं नाही, मनगट टेकवून हात हलका ठेवायचा, वळण आलं की बिट उचलायची. हे मला कुणी सांगितलं नाही. परातीचं पार वाटोळं झालं, तेव्हा कुठे अक्षर सरळ आलं. रात्री त्याच परातीत भाकऱ्या घालून ती मी भावापुढे ठेवली.

मग हंडा घेतला. आईचा स्वतःचा असा तेवढा एकच, हात चुकला तर ओरखडा कायमचा. हलू नये म्हणून आईनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं नाव मी पुसणार नव्हते. त्याच्या खाली आईचं कोरलं. एकही अक्षर चुकलं नाही. आता बाईच्या नावापुढे नवऱ्याचं लावायचा रिवाज, म्हणून तिच्या नावापुढे परत वडिलांचं घालायला बिट टेकवणार, तोच आईनं माझं मनगट धरलं. तिला वाचता येत नाही.

"यातलं माझं कुठवर हाय?"

मी दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"मग बास. फुडं काय घालू नको."

"आई, नुसतंच नाव?" भाऊ म्हणाला. "लोक काय म्हनतील?"

"लोकं आलती का कांदे काढाया?" आई म्हणाली, आणि तिनं हंडा उचलून दारापुढच्या ओट्यावर ठेवला, नाव रस्त्याकडे करून.