शंभर टक्के निकाल

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत सुनंदाबाई गणित शिकवत. त्यांच्या तासाला उत्तर बरोबर आलं तरी सुटका नसे. ते कसं आलं, दुसऱ्या वाटेनं आलं असतं का, हे उभं राहून सांगावं लागे. पोरं आधी वैतागली, मग त्यांना गोडी लागली. शेकडेवारीच्या धड्याला बाईंनी जाहिरातींची कात्रणं आणली आणि बजावलं, की टक्का दिसला की तो कशाचा, हे आधी विचारायचं.

नववीतल्या ऋतिकानं ते मनावर घेतलं. शाळेच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक होता. पण तिची चुलतबहीण पुनम त्याच वर्षी नापास झाली होती. अभ्यासात कच्ची म्हणून शाळेनं तिला नववीनंतरच दाखला देऊन बाहेरून परीक्षेला बसायला लावलं होतं. तशी आणखीही पोरं होती.

स्नेहसंमेलनात संस्थेच्या अध्यक्षांनी निकालाचं कौतुक केलं आणि कुणाला काही विचारायचंय का, असं सहज म्हटलं. ऋतिका उठली.

"सर, हे शंभर टक्के पुनमला धरून की वगळून?"

अध्यक्षांनी माईक मुख्याध्यापकांच्या हातात दिला. मागे बसलेल्या सुनंदाबाईंचा ऊर भरून आला आणि लगोलग त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ऋतिकाचे वडील हिलाल यांना बोलावणं गेलं. मुख्याध्यापकांनी मुलीला माफी मागायला सांगितलं. माझं काय चुकलं ते सांगा, मग मागते, असं ती म्हणाली. तेव्हा ते तिथंच बोलावून घेतलेल्या बाईंकडे वळले. हे तुम्ही शिकवलंत का, असं त्यांनी विचारलं. बाईंच्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव संस्थेत पडून होता आणि घर त्यांच्या एकटीवर चालत होतं.

"मी पुस्तकातलं तेवढंच शिकवते," त्या म्हणाल्या.

ऋतिकानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, गणित अडलं की फळ्याकडे पाहायची, तसं.

हिलालनं लेकीचा दाखला मागून घेतला. व्हरांड्यात तो बाईंपाशी थांबला. "बाई, तुम्ही पोरले सवाल इचारानं शिकाडं," तो हळूच अहिराणीत म्हणाला, "आते जवाब कोन दी?"

पारोळ्याच्या शाळेत नाव घालून देते, असं सांगायला बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. आईनं, ताईबाईनं, चहा दिला. पोरगी आता शेतात जाते, असं सांगितलं. ऋतिका आतल्या खोलीतच होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. ती बाहेर आली नाही.

जूनमध्ये बाईंची नेमणूक कायम झाली. आता त्या गणित फळ्यावर पूर्ण सोडवून देतात आणि पोरं ते उतरवून घेतात. शाळातपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाच्या शिस्तीचं कौतुक केलं. बाईंनी मान डोलावली आणि त्या खडू घेऊन पुढचं उदाहरण लिहायला फळ्याकडे वळल्या.