रामकिशनची खोड आणि पंचफुलाबाईचा अबोला

हट्टा गावात शेळ्या पुष्कळांकडे आहेत, पण बिथरलेली शेळी धरावी ती रामकिशननेच. तो तिच्यामागे धावत नाही. पाठ फिरवून बांधावर बसतो, बाभळीच्या वाळल्या शेंगा खुळखुळवतो, आणि शेळी आपण होऊन त्याच्या खिशात तोंड घालते. जनावराशी एवढा शहाणा असलेला हा बाबा माणसांशी मात्र भारी खोडकर. ज्याचं जे दुखणं असेल तिथेच बोट ठेवायचं आणि समोरचा पेटला की मिशीत हसायचं.

मेव्हण्याच्या घरच्या जेवणावळीत त्याने तेच केलं. भर पंगतीत म्हणाला, या मटणाच्या रश्श्यात तोंड पाहून दाढी करता येईल. पंगत हसली. त्याची बायको पंचफुलाबाई हसली नाही. माहेरची अब्रू गेली म्हणून तिने त्याच्याशी अबोला धरला. काही सांगायचं झालं तर दारातल्या शेळीला सांगायची, "शेळे, मालकाला म्हणाव, भाकर निवून राहिली."

आधी रामकिशनला गंमत वाटली. मग घर खायला उठलं. त्याने वसमतहून जिलेबी आणली. ती तिने गल्लीत वाटून टाकली. मग डिवचून पाहिलं, आपल्या भावजयीच्या हातच्या भाकरी काय मऊ असतात म्हणाला. त्यावर शेळीला निरोप मिळाला की मालकाला म्हणाव, तिकडंच जेवा. शेवटी तो हरला आणि अंगणात पाठ करून मुकाट बसला. गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. जीव नुसता कासावीस झाला.

शेजारचा शिवहार आजवर त्याची बोलणी खात आला होता. मुका रामकिशन पाहून त्याला चेव चढला. आधी शेळ्यांची हाडं निघाली म्हणाला. मग चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, बिचाऱ्या वहिनीच्या नशिबी असला ऐतखाऊ नवरा आला. रामकिशनने हूं का चूं केलं नाही.

पंचफुलाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. शिवहारच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला आणि तो चपला तिथेच टाकून पळाला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"त्यो एवढं बोलून राहिला, आन् तुमी गप काहून बसले?"

ती थेट त्याच्याशी बोलली होती. रामकिशनचे डोळे भरून आले. कसाबसा म्हणाला, "तुझ्या भावाकडचा रस्सा चांगला होता."

"न्हवता," पंचफुलाबाई म्हणाली. "निस्तं पानी होतं. पर माझ्या भावाला नावं म्या ठिवीन, तुमी न्हाई."