एकाच उंचीची रेल्वे

आमच्या मुलुंडमध्ये कुठलीही गोष्ट बांधून झाली की आधी बोर्ड लागतो, आणि ती चालते का ते नंतर कळतं. नाक्यावरच्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन झालं तेव्हा बोर्डावर इतके चेहरे होते की आत जायची वाट त्या चेहऱ्यांमधून काढावी लागत होती. नळाला पाणी आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. अशा वातावरणात आयुष्य गेल्यामुळे, बांधकामाचा अभिमान ही चीज बांधकाम न करणाऱ्यांसाठीच असते, असं माझं मत झालं होतं. ते मत मला अलीकडे थोडं बदलावं लागलं. कारण मी एक रेल्वे बांधली आहे, आणि तिला लागणारी वीजही मीच तयार केली आहे. दोन्ही एका व्हिडिओ गेममध्ये आहेत, हे लगेच सांगून टाकते.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आमच्या बेडरूममध्ये राहिला आणि त्यावर हा गेम राहिला. त्यात एक प्रचंड मोकळं जग आहे. डोंगर, जंगल, नद्या, समुद्र. कोणाला मारायचं नाही, कोणाला वाचवायचंही नाही. लाकूड तोडायचं, खाणी खणायच्या, यंत्रं बसवायची, आणि हवं ते बांधायचं. एकाच जगात अनेकांना आपापल्या घरून येता येतं. मी आत गेले, डोंगरात कोळसा आणि लोखंड सापडलं, आणि तिथेच घर केलं. नवऱ्याने दोन दिवस चेष्टा केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला.

माझी धाकटी बहीण गोराईला असते. तिने तिथल्या एका कॅथलिक कुटुंबातल्या मुलाशी लग्न केलं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. त्यांची थोडी भाजीची शेती आहे आणि ती शाळेत शिकवते. म्हणजे शिकवायची. गेल्या वर्षी तिचा कान बिघडला. ऐकू येतं, पण कानात तोल सांभाळणारं जे काही असतं ते रुसलं. मान वळवली की चक्कर, रिक्षाने वळण घेतलं की उलटी. बोटीने खाडी ओलांडायचं तर नावच नको. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, वेळ लागेल. किती, ते म्हणाले नाहीत. शाळेतून तिने रजा घेतली आणि घरात बसली.

मीच तिला गेममध्ये बोलावलं. फोन स्पीकरवर ठेवून रोज संध्याकाळी खेळायचो. नवा माणूस या जगात समुद्रकिनाऱ्यावर उतरतो. तिने तिथेच झोपडी बांधली, मासे धरले, वांगी लावली. म्हणजे गोराईत राहून तिने गोराईच केली. पण लवकरच लक्षात आलं की तिला त्या झोपडीपासून लांब जाता येत नाही. गेममध्ये चाललं की पडदा पावलागणिक हलतो. पळालं की आणखी हलतो. दहा झाडं ओलांडली की हिला खरीखुरी चक्कर यायची. माझा डोंगर तर बराच दूर. म्हणून मीच रोज पळत तिच्याकडे जायचे, धबधब्याचं वर्णन करायचे, पलीकडच्या लाल पानांच्या जंगलाचं वर्णन करायचे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, मी हे बंद करते."

"का गं? कंटाळा आला?"

"गोराईत पण घरात आणि इथे पण घरात. मग इथे कशाला येऊ? आणि तू येतेस ती पण कशी, पेशंटला भेटायला येतात तशी. पाच मिनिटं बसायचं, बाहेर काय काय चाललंय ते सांगायचं आणि निघायचं. फक्त शहाळं आणत नाहीस."

"तुझ्या किनाऱ्यावर माड आहेत म्हणून नाही आणत," मी म्हटलं.

ती हसली, पण थोडंसंच. मला माझी बहीण ठाऊक आहे. ती एखादी गोष्ट सोडते तेव्हा आधी विनोद करते आणि मग खरंच सोडते. फोनवर आम्ही तिच्या औषधांखेरीज काही बोलत नव्हतो. हा गेम गेला असता तर औषधंच उरली असती.

मी तिच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि कामाला लागले.

पहिल्यांदा रोपवे बांधला. दिसायला झकास. डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत लाकडी खांब, त्यावर तार, तारेवर पाळणा. तिला बसवलं. पाळणा वाऱ्याने झुलतो हे मला माहीत होतं, पण तो इतकं मन लावून झुलतो हे माहीत नव्हतं. दुसऱ्या खांबापाशी तिने फोन ठेवला. रात्रीचं जेवली नाही, असं तिच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

मग रेल्वे. गेममध्ये रूळ टाकले की ते जमिनीच्या चढउतारावरून आपोआप जातात. तशी टाकली, रिकामी गाडी नेऊन पाहिली, आणि खिडकीतून दिसणारं क्षितिज वरखाली होताना बघून मीच ती उखडली. बहिणीला बसवायची गरजच नव्हती. हिच्यासाठी गाडी हवी ती अशी, की बसल्यावर आपण हलतोय हे कळू नये, फक्त बाहेरचं जग सरकावं.

पडद्याच्या कोपऱ्यात आपण किती उंचीवर आहोत त्याचा आकडा दिसतो. मी ठरवलं, किनाऱ्यावर जो आकडा असेल तोच शेवटपर्यंत ठेवायचा. मध्ये टेकडी आली तर बोगदा, दरी आली तर पूल, आणि माझ्या डोंगराशी आल्यावर वर चढायचं नाही, पोटातच स्टेशन करायचं. वळणं इतकी मोठी, की वळण आहे असं वाटू नये. हे बोलायला सोपं आहे. बोगद्यात पाणी लागलं, पुलाला दगड पुरला नाही, एकदा मी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडून मेले आणि पुन्हा जिवंत होऊन तिथेच आले. कॉलेजात पुस्तकांवर शिक्के मारताना माझ्या डोक्यात कमानी असायच्या. एका मुलाने अर्थशास्त्र मागितलं आणि मी त्याला स्थापत्य दिलं.

गाडी विजेवर चालणारी हवी होती, कारण इंजिनात कोळसा टाकायला थांबावं लागतं आणि थांबताना धक्का बसतो. म्हणून खाणीशेजारी वीजघर बांधलं. खाणीतला कोळसा एका सरकत्या पट्ट्यावरून बॉयलरमध्ये पडतो, बॉयलरवर वीज होते, आणि त्याच विजेवर तो पट्टाही सरकतो. मला ही रचना फार सुबक वाटली होती. आपली आपण चालणारी. वीजघरापासून किनाऱ्यापर्यंत रुळांशेजारून खांब नेले. संध्याकाळी तिच्या झोपडीत पहिला दिवा लागला तेव्हा तिने आधी वांग्यांचा वाफा बघितला. मग म्हणाली, "वांग्यांवर किडे दिसायला लागले." हा तिच्याकडून मोठाच सन्मान होता.

गाडी एका रविवारी दुपारी सुरू करायचं ठरलं. इथे माझ्या नवऱ्याचा प्रवेश होतो.

नवरा आमच्या सोसायटीचा चेअरमन आहे. माणूस चांगला आहे, पण फीत दिसली की त्याच्या हातात कात्री येते. सोसायटीच्या नव्या लेटरबॉक्सचंसुद्धा त्याने नारळ फोडून उद्घाटन केलं होतं. मी रूळ टाकत होते त्या दिवसांत तो गेममध्ये कुठे असतो हे मी विचारलं नाही. तो डोंगरातल्या स्टेशनाबाहेर कमान बांधत होता. तीन मजली. वर माझ्या बहिणीचं स्वागत, खाली बारीक अक्षरात "मार्गदर्शक" म्हणून स्वतःचा उल्लेख, आणि कमानीपासून बोगद्याच्या तोंडापर्यंत दुतर्फा दिव्यांच्या माळा.

"मार्गदर्शक कसले रे तुम्ही?" मी विचारलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी त्याला एकाच वाक्यात अरे आणि अहो करते.

"अगं, कोणीतरी असावं लागतं. बोर्ड मोकळा दिसतो."

बहीण किनाऱ्यावर गाडीत बसली. मी डोंगराच्या स्टेशनातली कळ दाबून तिकडून तिची गाडी सोडली. फोनवर मी एकसारखं विचारत होते, "बरं वाटतंय ना? ठीक आहेस ना?"

"तू गप्प बसलीस तर वाटेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ताई, हरणं आहेत गं इथे!" मग आणखी थोड्या वेळाने, "हा तुझा धबधबा का? तू सांगितलास त्यापेक्षा बराच लहान आहे."

गाडी दरीवरच्या मोठ्या पुलावर आली. एवढ्यात नवऱ्याने बाजूच्या खुर्चीवरून "आता!" असं म्हणत माळा लावल्या. एक क्षण सगळी कमान झगमगली. आणि मग कमान, स्टेशन, बोगदा, रूळ, सगळ्यांची वीज गेली.

"वाट लागली," मी म्हटलं. "जोडल्यात कुठून?"

"जवळून वायर जात होती, तिथूनच."

रेल्वेची वायर. गणपतीत सोसायटीची रोषणाई तो पाण्याच्या पंपाच्या पॅनेलवरून घेतो, कारण ते मांडवाजवळ पडतं. दर वर्षी आरतीच्या वेळी पंप बंद पडतो आणि सातव्या मजल्यावरचे लोक आरतीला आंघोळीशिवाय येतात. ही पद्धत त्याने जशीच्या तशी नव्या जगात नेली होती.

मी वीजघराकडे धावले आणि तिथे मला माझ्या सुबक रचनेचा अर्थ कळला. वीज गेली म्हणून पट्टा थांबला. पट्टा थांबला म्हणून बॉयलरमध्ये कोळसा नाही. कोळसा नाही म्हणून वीज नाही. आपली आपण चालणारी गोष्ट आपली आपण बंदही पडते.

"काय झालं? मी पुलावर थांबलेय," फोनवर बहीण म्हणाली.

"हलू नकोस. खाली बघू नकोस. डोळे मीट."

"भावोजींनी काही केलं ना?"

"मेव्हणीबाई, तांत्रिक अडचण आहे," नवरा म्हणाला.

आता बॉयलरमध्ये हाताने कोळसा टाकण्याशिवाय उपाय नव्हता. मी फावडं नवऱ्याला दिलं. त्याआधी माळा काढायच्या होत्या, नाहीतर वीज येऊन पुन्हा गेली असती. त्याने "निदान वरची ओळ तरी..." असं म्हणून पाहिलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने एकेक माळ उतरवली, सगळ्यात शेवटी मार्गदर्शकावरची. मग तो खाणीतून बॉयलरपर्यंत कोळसा वाहत राहिला, आणि मी एका वेगळ्या छोट्या इंजिनावर पट्टा जोडला, म्हणजे बाकी सगळं गेलं तरी कोळसा येत राहील.

हे चालू असताना फोन शांत होता. मला वाटलं, तिने लॅपटॉप बंद केला. पुन्हा एकदा न जेवता झोपणार, आणि या वेळी परत येणार नाही.

"आहेस का गं?" मी विचारलं.

"आहे. डोळे उघडेच आहेत."

"आणि?"

"काही होत नाहीये, ताई. मी मघापासून खालीच बघतेय. किती खोल आहे हे! तू हा पूल एकटीने बांधलास?"

मी हो म्हटलं. माझा आवाज जरा फाटला, पण फोनवर ते रेंजच्या नावावर खपतं.

वीज आली. मी गाडी इतकी हळू सोडली की ती कधी सुरू झाली ते तिला कळलंच नाही. कमानीखालून ती दिव्यांशिवायच आली. गाडीतून उतरली, चार पावलं टाकली, थांबली, मान वर करून माझं घर बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण किचन कुठेय?"

एवढ्या डोंगरात मी किचन बांधलं नव्हतं. नवऱ्याने लगेच त्याची जबाबदारी घेतली, आणि या वेळी खरंच बांधलं.

तिचा कान अजून तसाच आहे. बोटीत ती अजून बसत नाही, आणि शाळेची रजा वाढवावी लागली. या रेल्वेने काही बरं केलं असा दावा मी करणार नाही. तसे दावे करणारे पुष्कळ आहेत. पण पंधरा दिवसांनी मी कॉलेजातून घरी येऊन गेम उघडला, तर माझ्या स्टेशनातून एक नवीन फाटा लाल जंगलाकडे गेलेला दिसला. रूळ मी टाकलेले नव्हते. गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून पुढचे रूळ टाकता येतात, ते टाकून झाले की गाडी पुढे न्यायची आणि पुन्हा टाकायचे, हे तिने शोधून काढलं होतं. मला ते कधी सुचलं नव्हतं, कारण मला पळता येत होतं. फाट्यावरून जाऊन पाहिलं. तिचं वळण माझ्यापेक्षा मोठं होतं आणि पूल माझ्यापेक्षा देखणा.

मी फोन केला. "कधी केलंस हे?"

"दुपारी. तू पुस्तकं मोजत होतीस तेव्हा. जंगलाच्या टोकाला तळं आहे, माहितेय तुला? तुला कुठून माहीत असणार, तू तिथे गेलीच नाहीस. थांब तिथेच, स्टेशनात. मी घ्यायला येते."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या सहकारी बाईंनी रोजच्यासारखं हळू आवाजात विचारलं, "बहीण कशी आहे हो?"

मी म्हटलं, "हल्ली तिला वेळच नसतो."