देवीच्या नावाचा पट्टा

आमच्या ह्यांनी माझ्या नव्याकोऱ्या खाटेची नवार उसवली, तेव्हा मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवार म्हणजे खाटेला विणतात ती सुताची रुंद पट्टी. बरं, उसवली कशासाठी? तर शेठजींच्या गाडीत माणसं बांधायला! असलं ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही?

हे, म्हणजे पितांबर भाऊ, चोपड्याच्या भिकमचंद शेठजींच्या पांढऱ्या ॲम्बेसिडरवर ड्रायव्हर. शेठजींचा केळीचा व्यापार. १९६९ साली हे एकटेच गाडी घेऊन यावलहून येत होते. डिकीत नमुन्याचे चार घड. केळीच्या बागेतून एक बैलगाडी एकदम रस्त्यावर आली, ह्यांनी ब्रेक मारला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन आदळली. दोन बरगड्या मोडल्या, पुढचे दोन दात गेले. मी दवाखान्यात रडत पोचले, तर नवरा डोळे उघडून म्हणतो, "केयीसले काहीच व्हयनं नही."

मला वाटलं, डोक्याला मार बसला. एवढा पडलाय आणि केळ्यांची चौकशी! पण खरंच केळ्यांना काही झालं नव्हतं. घड वाळल्या पानात गुंडाळून दोरीनं घट्ट बांधले होते ना. महिनाभर अंथरुणात पडून ह्यांनी एवढाच विचार केला. घड बांधला होता, तो वाचला. मी मोकळा होतो, माझे दात गेले.

आणि मग माझी नवार उसवली! कौतिक मोच्यानं बैलाच्या पट्ट्याची बक्कलं बसवून दिली. गाडीच्या पत्र्याला भोकं पाडून ह्यांनी पट्टे आवळले, एक मांड्यांवरून, एक खांद्यावरून. पुढच्या सीटवर दोघांसाठी आणि मागच्या सीटवर दोघांसाठी. सगळा बाजार हसला. "पितांबर भाऊ, चारा टाकला का गाडीत?" असं येताजाता विचारायचे. हे बोळकं दाखवून हसायचे आणि सांगायचे, "बांधल्याशिवाय गाडी हालाव नही."

शेठजी सज्जन माणूस. त्यांना गाडीत बसल्या बसल्या झोप लागायची. पट्ट्यामुळे मान पडली तरी अंग पडत नाही म्हणून ते खूश होते. पण घरात चालायचं गुलाबबाईंचं. शेठाणीबाई म्हणजे तोफ! पट्टा बघताच गाडीतून खाली उतरल्या.

"पितांबर, बांधतात ते तिरडीवर. मी अजून जिवंत आहे. आखाजीच्या आत हे काढ, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

हे काढायला तयार नाहीत आणि त्या ऐकायला तयार नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आलेली. नोकरी गेली तर शेठजींनी दिलेली खोलीही जाणार. दोन लेकरं घेऊन जायचं कुठं? मी ह्यांना हात जोडले, भांडले, अबोला धरला. माणूस ढिम्म. "उद्या त्यांना काही झालं तर मी तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणायचे.

मग मीच अक्कल चालवली. मागच्या सीटचा एक पट्टा काढून आणला, लाल कापडात शिवला, कडेला सोनेरी किनार लावली, मधोमध कुंकवाचं बोट ओढलं. ताटात नारळाशेजारी ठेवून शेठाणीबाईंकडे गेले आणि बेधडक सांगितलं, "मनुदेवीच्या पायाला लावून आणलाय. अंगावर घेतला की प्रवासात देवी सांभाळते."

त्यांनी पट्टा कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "पण देवीचा आहे तर सवाष्णीनंच बांधायला हवा." झालं! त्या दिवसापासून शेठाणीबाई कुठंही निघाल्या की मी चूल सोडून धावायचे, त्यांना कुंकू लावायचे आणि बक्कल आवळायचे. हे मात्र माझ्यावर चिडले.

"देवीच्या नावानं खोटं बोललीस."

"मग खरं बोलून उपाशी मरायचं होतं का?" मी म्हटलं.

मार्गशीर्षात शेठाणीबाईंच्या भाचीचं धुळ्याला लग्न निघालं. शेठजी आधीच गेले होते. शेठाणीबाईंनी मलाही सोबत घेतलं, वाटेत उतरल्यावर पट्टा बांधायला कुणी नको का? मांडीवर लाडवांचा डबा, अंगावर शालू, नाकात भली मोठी नथ. अमळनेर सोडलं, थोडं पुढं गेलो आणि पुढचं टायर फाडकन फुटलं. गाडी वाकडीतिकडी धावली, रस्ता सोडला आणि कपाशीच्या शेतात कुशीवर आडवी झाली.

मी माझ्या पट्ट्यात दाराशी चेपलेली. वर बघते तर शेठाणीबाई पट्ट्यात लोंबकळतायत आणि त्यांचे लाडू टपाटप माझ्या डोक्यावर पडतायत! पुढून काही आवाज येईना. माझा जीव उडाला. मी ओरडले, "पितांबर!" लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते नाव, त्यानंतर थेट त्या दिवशी.

"बठ्ठा बरा शेतस का?" पुढून विचारणा झाली. सगळे बरे होते. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं म्हणा ना! शेतातली माणसं धावत आली. गाडीची दशा बघून एकानं घाबरत विचारलं, "किती गेले?" वरून शेठाणीबाई गरजल्या, "लाडू गेले रे! आधी मला खाली काढ!" शेतात असा हशा पिकला की काय सांगू. मी तर हसता हसता रडत होते.

पण चोपड्याला परतल्यावर शेठाणीबाईंनी नवंच काढलं. मनुदेवीला सवामणीचा, म्हणजे सवा मणाचा, नैवेद्य करायचा, गाव जेवू घालायचं आणि पट्टा देवीला परत वाहायचा. देवीनं राखलं, आता तिची वस्तू तिला द्यायची. गाडीत पुन्हा काही बांधायचं नाही.

मी गप्प राहिले असते तर नोकरी शाबूत होती. पण पुढच्या वेळी टायर फुटलं आणि ही बाई मोकळी बसलेली असली तर? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी गेले आणि त्यांचे पायच धरले.

"देवीचा नाही तो. माझ्या खाटेची नवार आहे. मी खोटं बोलले. काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पण पट्टा काढू नका. तुम्हाला त्या नवारीनं धरून ठेवलं."

शेठाणीबाई लालबुंद झाल्या. "पितांबरला बोलाव," एवढंच म्हणाल्या. मी समजले, संपलं आता. हे अंगणात येऊन खाली मान घालून उभे राहिले.

"पितांबर," त्या म्हणाल्या, "तुझ्या बायकोनं मला फसवलं. आठ महिने मी देवीला भिऊन बांधून घेतलं."

"चूक झाली, शेठाणीबाई."

"चूक माझी झाली. तू माझ्या जिवासाठी स्वतःच्या पोटावर पाय द्यायला निघाला होतास आणि मी तुला हाकलत होते. यापुढं तू सांगशील म्हणून बांधेन."

बरगड्या मोडल्या तेव्हाही माझा नवरा रडला नव्हता. त्या दिवशी भर अंगणात ढसाढसा रडला. मीही रडले, आणि आपलाच नवरा म्हणून असा काही अभिमान वाटला की बस!

सवामणी झालीच. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर आम्ही चौघं मनुदेवीला निघालो. मी कुंकवाचा करंडा घेऊन धावले, तर शेठाणीबाई आधीच मागच्या सीटवर बसून बक्कल आवळत होत्या आणि शेठजींवर खेकसत होत्या, "बघत काय बसलात? बांधा!"