सपाट केलेला तलाव

लष्करातून मेजर जनरल म्हणून निवृत्त झालेला माणूस घरी काय करतो, हे मला विचारू नका, माझ्या बायकोला विचारा. मी पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा मी तिला म्हणालो, "सवय होईल." त्यामुळे मंदीतल्या कामांवर विशेष प्रशासक म्हणून या, असं सरकारचं पत्र आलं, तेव्हा माझ्याआधी तिनेच होकार दिला.

त्या वर्षी जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या एकापाठोपाठ एक थंड पडल्या. भट्ट्यांमागे ट्रक थांबले, ट्रकांमागे रस्त्यावरची हॉटेलं. माणसं पत्र्याच्या पेट्या घेऊन गावाकडे परतली आणि गावात आधीच होत्या त्या हातांना काम नव्हतं. सरकारने ठरवलं, तलावांतला गाळ काढायचा, येईल त्याला काम द्यायचं. माझ्या वाट्याला केदारखेड्याजवळचा तलाव आला आणि दोनशेच्या वर माणसं. काही तर टेंभुर्णीपासून चालत येणारी होती. मी घनसावंगीकडचा, म्हणजे मातीतलाच; पण चाळीस वर्षांत मातीवर कूच करण्यापलीकडे तिचा-माझा संबंध उरला नव्हता.

पहिल्या सकाळी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं, खुर्चीवर चढलो आणि म्हणालो, "ही लढाई आहे."

मागून आवाज आला, "साहेब, लढाईत जेवण भेटतं का?"

सगळे हसले. विचारणारा गडी भट्टीवर अठरा वर्षं काम केलेला होता, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. मी त्याला पुढच्या रांगेत आणून उभं केलं. शिस्त लागावी म्हणून.

आता तलावातल्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एकेका जोडीला एकेक खड्डा आखून देतात. खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा, त्याला हात लावायचा नाही. त्याचा माथा म्हणजे जमिनीची जुनी पातळी. अभियंता येतो, माथ्यापासून तळापर्यंत टेप लावतो. जेवढी खोली, तेवढं काम, तेवढी मजुरी. त्या खांबाला तिथे नुसतं 'खूण' म्हणत. खूण नाही तर काम नाही. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक मी सोडून.

पंधरवडा होत आला आणि कळलं, मुंबईहून सचिव पाहणीला येणार. माझ्या अंगात वारं शिरलं. आमच्या छावणीत पाहणी म्हटली की झाडांचे बुंधेसुद्धा गेरूने रंगायचे. मी बांधावर उभा राहून तलाव पाहिला. मधेमधे दात उरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखा दिसत होता.

"हे सुळके काढा. कडासुद्धा उतरत्या आणि गुळगुळीत करा," मी अभियंत्याला म्हणालो.

तो सरकारी नोकरीत केस पिकलेला, मऊ बोलणारा माणूस. "सर, ते मधले जे आहेत ना..."

"प्रश्न पाहणीनंतर."

आणि त्याला मी तीन दिवस जालन्याला पाठवून दिलं, कामाचे रंगीत तक्ते करायला. पंधरवड्याचं माप त्यामुळेच राहिलं. म्हणजे चूक करण्यात मी एका ठिकाणी थांबलो नाही.

हुकूम सांगितला तेव्हा माणसं एकमेकांकडे बघू लागली. भट्टीवाला म्हणाला, "साहेब, माप झालं का?"

"माप होईल. आधी हे काढा."

ते कुजबुजले. नंतर तोच मला म्हणाला की, एवढा मोठा साहेब सांगून राह्यला, तर त्यानं काही तरी बघितलंच असंल, असं सगळ्यांना वाटलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. दुपारपर्यंत तलाव परेडच्या मैदानासारखा झाला.

एक खड्डा सोडून. त्यात सावलीला, खुणेला पाठ टेकून एक म्हातारी बसली होती. घरी तिच्याजवळ कोणी नाही म्हणून सून तिला रोज कामावर घेऊन यायची. सून कुदळ घेऊन अवघडून उभी.

"आजी, उठा."

"कामून?"

"ही माती काढायची आहे."

"मंग माझ्या पाठीला काय लावू? तू उभा राह्यतो का?"

सून घाबरली. "आत्या, मोठे साहेब हायेत. मिल्ट्रीचे."

"असू दे. त्याच्या हुकमावर पलटन उठत असंल, माझे गुडघे न्हाई उठत."

मी घसा खाकरला, छाती काढली, हातातली छडी बदलली. म्हातारीने तंबाखू मळायला घेतली. शेवटी "उद्यापर्यंत हे गेलं पाहिजे," असं सुनेला बजावून मी माघार घेतली. माझ्या कारकिर्दीतली ही एकमेव माघार, आणि तीही लेखी नोंद नसलेली.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या गाड्या रस्त्याने आल्या. थांबल्या नाहीत. धुळीतून काचेबाहेर एक हात हलला. मी सलाम ठोकलेला होता. हात खाली घ्यायला जरा वेळ लागला.

संध्याकाळी अभियंता परतला. बांधावर आला, पिशवीतून टेप काढला आणि तलाव पाहिला.

"सर, खुणा कुठंयत?"

"काढल्या. छान दिसतंय ना?"

त्याने टेप पिशवीत परत ठेवला आणि सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं मला समजावलं.

त्यानंतरचे चार दिवस मी हुकूम विसरून विनवण्या शिकलो. वर फोन केले. चूक माझी, असं लिहून दिलं. उत्तर आलं: मापाशिवाय काम धरता येत नाही. गाळ ज्या शेतांत पडला तिथे टेप घेऊन हिंडलो. शेतकऱ्यांनी नांगर फिरवला होता. मजुरांपैकी एक जण म्हणाला, "साहेब, खुणा परत उभ्या करून देतो की, चिखलाच्या." अभियंता म्हणाला, भरीव माती आणि थापलेली माती लगेच ओळखू येते; पकडलं गेलं तर पुढचं कामही बंद. पटकन ओळखू येते का, असं मी त्याला दोनदा विचारलं. हेही कबूल करतो.

उरली म्हातारीची खूण; दुसऱ्या दिवशीही ती तिथून हलली नव्हती. अभियंत्याने तिच्यावरून तो खड्डा आणि त्याच रांगेतले शेजारचे तीन धरले. बाकीच्या सगळ्यांचा पंधरवडा गेला.

मी पुन्हा सगळ्यांना जमवलं. या वेळी खुर्ची घेतली नाही. सांगितलं. एक बाई डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून त्यातच बघत राहिली.

सून म्हणाली, "सगळ्यांचं गेलं, अन् मी माझं कसं घेऊ, साहेब? शेजारणी काय म्हणतील?"

म्हातारी म्हणाली, "घे. त्यान्ला बसून राह्यता आलं न्हाई, तुझा काय गुन्हा?" मग माझ्याकडे वळून, "अन् तू रे बाबा, येवढा शिकला, इच्यारलं का न्हाईस कुन्हाला?"



दुसऱ्या सकाळी सहाला मी तलावावर गेलो. चाळीसेक माणसं होती. बाकीची पहाटेच्या गाडीने पुण्याकडे निघून गेली होती, काम मिळेल या आशेवर. भट्टीवालाही त्यांत होता. जाण्याआधी त्यांनी सरकारी हत्यारं बांधावर आणून ठेवली होती. एकही कमी नव्हतं. कुदळी एका बाजूला, फावडी एका बाजूला, दांडे एका दिशेला, उंचीप्रमाणे, मी शिकवलं होतं तशी.

इतकी सरळ रांग मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.