धुडकूबापूंचा ‘पास’

धुडकूबापू कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसत, डोळे मिटत आणि एवढेच म्हणत, “पास.” नंदुरबारच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस पारखत, वजनकाट्यावर मी होतो. त्यांनी तोंड उघडेपर्यंत माझ्या वहीतला प्रतीचा रकाना कोरा राही.

बापूंना इंग्रजी येत नव्हते. हा एक शब्द त्यांनी जिनाच्या गोऱ्या इंजिनिअराकडून उचलला आणि पुरेपूर वापरला. भाकरी पास, जावई पास, सुरतेची गाडी स्टेशनावरून पास. शेजारचा म्हातारा झोपेत वारला, तेव्हाही “सुखमा पास व्हई गया” म्हणाले. मी एक दिवस मोजले. एकेचाळीस वेळा, त्यांतले कापसाचे फक्त एकोणीस.

एकदा रनाळ्याहून जिनाचे मालक असलेल्या शेठजींच्या व्याह्यांच्या चार गाड्या आल्या. दोघेही जातीने हजर. बापूंनी हात घातला, काढला आणि धोतराला पुसला. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारले होते.

“शेठ, तुमना व्याही पास शेतस,” बापू म्हणाले, “पन तेसना कापूस नापास शे.”

शेठजींनी पुन्हा हात घालायला सांगितले. बापू म्हणाले, कितीदाही घातला तरी हात तोच. शेठजी तापले, उद्यापासून येऊ नका म्हणाले. बापूंच्या घरी खाणारी सात तोंडे होती. त्यांनी टोपी झटकली आणि निघाले. मी हुकमाप्रमाणे वजन केले, रकाना मात्र भरला नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर तेवीस गाड्या उभ्या होत्या, एकही आत येईना. बापू नसले तर आपल्या चांगल्या मालाला कोण काय म्हणेल, याचा कुणाला भरवसा नव्हता. प्रकाशा गावचे एक पाटील मला म्हणाले, “बापूना हात लागू दे, मंग खाली करसूत.” आणि बैल सोडून जेवायला बसले.

शेवटी शेठजींचा टांगा बापूंच्या दारी गेला. व्याह्यांचा माल वाळवायचे कबूल झाल्यावरच बापू टांग्यात बसले.

चार गाड्या कापूस जिनाच्या अंगणात पसरला. दुपारी शेठजींनी हळूच विचारले, आता? बापूंनी मूठभर उचलून गालाला लावला.

“खालना आजून वल्ला शे. हलावना पडी.”

मजूर सगळे तेवीस गाड्यांवर गुंतलेले. शेठजींनी इकडेतिकडे पाहिले, धोतर खोचले, एक दाताळे उचलले आणि दुसरे व्याह्यांच्या हाती दिले.