दादऱ्याची गाठ

काकी सामान चाटून बघायची. धुतलेल्या सूटची चेन, जॅकेटचं बकल, मास्कचा पट्टा, जे हाताला लागेल त्याला जिभेचं टोक लावायची, क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "खारट हा. परत बुडव." त्या निकालावर अपील नव्हतं.

मी आणि माझा नवरा निखिल, आम्ही लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवतो. बोरिवलीतल्या तरणतलावात धडे आणि ऑक्टोबर ते मे मालवणच्या समुद्रात प्रत्यक्ष बुड्या. समुद्र खवळायच्या बेताला आला की सगळं सामान टेम्पोत घालून घरी आणायचं, धुवायचं आणि बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या आमच्या गाळ्यात चार महिने ठेवून द्यायचं. काकी त्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर मुलाकडे राहायची. मूळची मालवणची. नवरा मच्छीमार, तो गेल्यावर मुलाने तिला इकडे आणलेलं. पहिल्याच वर्षी मी मागच्या आवारात टबात सूट बुचकळत होते आणि ती गॅलरीतून बघत होती. अर्ध्या तासाने तिला राहवेना. खाली आली, पदर खोचला आणि म्हणाली, "गो चेडवा, तू ह्या धुतस काय न्हाणयतस?" पुढच्या मिनिटाला टब तिच्या ताब्यात होता आणि मी नळावर.

तिचा नियम दोन पाण्यांचा. "पयला पाणी मिठासाठी, दुसरा मनासाठी." मला ते दुसरं पाणी म्हणजे उगाच वेळखाऊपणा वाटायचा. तसं बोलले की ती मान हलवायची. "माणूस निजता गो, मीठ निजणा नाय." जन्मभर सुकट उन्हात वाळवलेली बाई, सूट सावलीत वाळवायचे, उन्हात रबर तडकतं, हे तिला पटवायला मात्र मला तीन दिवस लागले. पटल्यावर तिने ते इतकं मनावर घेतलं की ऊन सरकेल तशी दोरी सरकवत बसायची.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हा चाटण्याचा प्रकार बघवेना. एकदा ते नाक मुरडून म्हणाले, "अहो काकी, दहा लोकांनी वापरलेलं असतं ते!" काकीने हातातलं काम न थांबवता विचारलं, "तू हॉटेलातलो चमचो तोंडात घालतस मां? तो काय तुझ्या लग्नातलो?" सेक्रेटरी पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत.

पाण्याखाली ज्यातून श्वास घेतात, तो तोंडात धरायचा रेग्युलेटर. एका ऑक्टोबरमध्ये त्यातल्या एकातून चांगलं जाडजूड झुरळ बाहेर आलं. मी किंचाळले. काकीने वर जाऊन जुनं सुती लुगडं फाडलं, पट्ट्या केल्या आणि पुढच्या वर्षीपासून लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा प्रत्येक रेग्युलेटरच्या तोंडाला दादरा बांधू लागली. गाठ जाळ्याची, बारीक आणि घट्ट. जिभेने पास केल्याशिवाय ती गाठ मारायची नाही. गाठ म्हणजे तिची सही.

आणि ती सही मी एकदा खोटी केली. नणंदेचं केळवण होतं, सांताक्रूझला पोचायचं होतं. काकी जेवायला वर गेलेली आणि दोन रेग्युलेटर उरलेले. मी ते एकाच पाण्यातून काढले, दादरे बांधले आणि निघून गेले. ऑक्टोबरमध्ये तलावात बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी त्यातला एक तोंडात धरला आणि आतली हवा जी सुटली ती थांबेचना. मिठाने आतला भाग अडकला होता. पाणी चार फूट होतं, बाई हसत उभ्या राहिल्या. हेच समुद्रात झालं असतं तर?

घरी येऊन काकीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "गाठ कोणी मारल्यान?"

"मी."

मग ती म्हणाली, "माझ्या घोवाचा इंजिन असाच मिठान धरला होता. दोन दिस होडी वाऱ्यार. तो इलो परत. पण ते दोन दिस माझे अजून संपाक नाय." मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये काकीला ताप आला आणि चांगला लांबला. तरी मे अखेरीला ती टबापाशी हजर. तिने एक बकल चाटलं, डोळे मिटले, म्हणाली, "झाला." मला त्याच्या खाचेत पांढरं काहीतरी दिसलं. तिची पाठ वळल्यावर मी जीभ लावली. सरळसरळ मीठ! माझ्या डोळ्यांपुढे आधी त्या बँकेतल्या बाई आल्या आणि लगेच गॅलरीत रिकाम्या हातांनी बसलेली काकी. खरं सांगायचा धीर होईना. मी ते बकल हळूच टबात सोडलं.

"खारट होता मां?" तिने मागे न बघताच विचारलं.

"नाही गं, जरा माती राहिली होती."

"खोटा बोलतलस तर ह्या कामाक हात लावू नको." ती स्टुलावर बसली. "माका चव लागणा नाय. म्हयनो झालो. आमटीक एकदा पण नावा ठेवूक नाय मी. सुनेक वाटता म्हातारी सुधारली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. ती उठली, वर गेली आणि पाण्याचे तीन पेले घेऊन आली. एकात काही नाही, एकात चिमूटभर मीठ, एकात दोन-तीन खडे. कुठला कुठला ते मी ओळखायचं. पहिल्यांदा मी चुकले. चूळ भरायला लावून तिने पुन्हा बसवलं. चौथ्या वेळी बरोबर आलं, तेव्हा दादऱ्याच्या पट्ट्या तिने मांडीवर घेतल्या. "सामान आटपासर चाय नाय. जीभ तुझी, गाठ माझी." त्या वर्षी मी चाटत गेले आणि ती बांधत गेली. तीन वेळा तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि तीनही वेळा मी सामान परत बुडवलं.

श्रावणात काकी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

ऑक्टोबरमध्ये गाळा उघडला. हुकांना बारा रेग्युलेटर, बाराही तोंडांना तिचे दादरे. निखिलने कात्री आणून दिली. मी ती बाजूला ठेवली आणि नखांनी एकेक गाठ सोडवत बसले. अख्खी दुपार गेली. त्या आठवड्यात तलावात बारा जणांनी ते तोंडात धरून पाण्याखाली पहिला श्वास घेतला. एकही अडकला नाही.

पट्ट्या मी धुऊन ठेवल्या होत्या, या मेमध्ये त्याच बांधल्या. गाठ काही तिच्यासारखी येत नाही. पण सामान आटपेपर्यंत मी चहा घेतला नाही.